गाडी एकदम उगवते

कॉम्प्युटर उघडायला एक फुलीचा स्क्रूड्रायव्हर पुरतो, ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना कधी आपणहून सांगितली नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याबद्दल माणूस जरा जपूनच बोलतो. आता दुकान आवरलं आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. चार स्क्रू काढले की पत्रा सरकतो आणि आत बहुतेक करून धूळ असते.

मी आधी अंबडची. म्हणजे राहायला पंचवटीत, पण कामाला अंबडला, एका कारखान्यात टीव्हीचे बोर्ड जोडायच्या लाइनवर. डाख द्यायची सोल्डरिंग गन हातात धरून सात-आठ वर्षं काढली. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायकांनी शिवणकाम, पाळणाघर असं काहीबाही धरलं. मी घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल टाकलं आणि कॉम्प्युटर जोडून द्यायला लागले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. घरोघरी मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायची लाट आली होती आणि तयार ब्रँडेड मशीन बहुतेकांना परवडत नव्हतं. मुंबईहून सुटे भाग आणायचे, पेटीत बसवायचे, चालू करून द्यायचे. त्याला असेंबल करणं म्हणत. लोक दारात येऊन विचारायचे, "इथे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे कुठे बसतात?" मी म्हणायची, इथेच. मग ते माझ्या मागे कोणी आहे का ते बघायचे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. आमच्याच गल्लीतल्या एका गुरुजींनी कुंडल्या करायला मशीन घेतलं होतं. दसऱ्याला त्यांनी पत्रा काढून आतल्या भागांची यथासांग पूजा केली आणि झेंडू तिथेच ठेवून पत्रा लावला. पंख्यात पाकळ्या अडकून मशीन तापलं आणि बंद पडलं. मालेगावचे एक माग असलेले शेठ होते. साडीच्या काठाची डिझाइनं उघडायला फार वेळ लागतो, मशीन वेगवान करून द्या म्हणाले. आत बघितलं तर डिझाइनं दोन, आणि क्रिकेटचे गेम मोजता येणार नाहीत इतके. मी वेगवान करून दिलं. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितलं की आता चेंडू नीट दिसतो.

कारण खरी गोष्ट ही होती. पत्र टाइप करायला, हिशेब करायला साधं मशीन भरपूर. मशीनचा घाम काढतो तो गेम. पडद्यावर रस्ता धावायचा, झाडं मागे जायची, गाड्या वळायच्या म्हणजे दर क्षणाला नवं चित्र काढावं लागतं. ते काम एकट्या मुख्य प्रोसेसरला झेपत नाही, म्हणून चित्र काढायला वेगळा माणूस ठेवल्यासारखं वेगळं कार्ड बसवतात. कार्ड आलं की ते तापतं, म्हणून पंखा. पंखा आणि कार्ड दोन्ही वीज खातात, म्हणून मोठा पॉवर सप्लाय. एक बदललं की दुसरं मागे लागतं. माझ्या धंद्याची सगळी बरकत त्यातच होती.

नाना खैरनार माझ्याकडे आले ते अशाच कामासाठी. ते आमच्या कारखान्याच्या बसचे ड्रायव्हर. सकाळच्या पाळीला पंचवटी कारंज्यावर बस यायची त्यावर लोक घड्याळ लावत. नानांच्या हाताखाली बसला कधी ओरखडा आलेला कोणी पाहिला नव्हता. बस चालवताना ते बोलत नसत, रेडिओ लावत नसत, आणि पुढे उभ्या राहणाऱ्या बायकांना मागे जायला सांगत, कारण आरसा दिसला पाहिजे. कारखाना बंद झाला तेव्हा ते रिटायर व्हायलाच आले होते. दोन-तीन वर्षांनी एके सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. स्कूटरच्या पुढच्या मोकळ्या जागेत कॉम्प्युटरची पेटी सायकलच्या ट्यूबने घट्ट बांधलेली.

मशीन त्यांच्या मुलीचं. ती लग्न होऊन पुण्याला गेली आणि मशीन मागे राहिलं. त्यावर तिने गाडी चालवायचा एक गेम टाकून ठेवला होता. घरात बसून नाना चिडचिडे झाले होते, काकूंच्या भाजीत मीठ किती ते सांगायला लागले होते, म्हणून मुलीनेच फोनवर कसं सुरू करायचं ते समजावलं. आता त्यांना तो गेम नीट चालायला हवा होता. तक्रार एकच. "मीना, यातली समोरची गाडी एकदम उगवते. आधी नसते, मग असते. असं रस्त्यावर होत नाही."

तक्रार बरोबर होती. जुन्या कार्डांना लांबचं चित्र काढायला जमत नसे. गेमवाले लांबचा रस्ता धुक्यात ठेवत आणि गाड्या धुक्यातून अचानक प्रकट होत. मी रॅम वाढवली, नवं थ्रीडी कार्ड बसवलं आणि त्यांच्या घरी जाऊन मशीन लावून दिलं. अंबडजवळच्या वसाहतीतलं छोटं घर. काकू सटाण्याकडच्या. दारातूनच मशीनकडे बोट करून मला म्हणाल्या, "काय शे हे? दिवसभर घुं घुं करतं आणि हे त्याला 'बाजू हो' म्हणतात."

नाना खेळत ते बघण्यासारखं होतं. गेम शर्यतीचा, आणि नाना शर्यत लावायला तयार नव्हते. सगळ्या गाड्या पुढे पळून जात. नाना डाव्या बाजूने, ठरल्या वेगाने, वळणावर हॉर्न देत जात. हॉर्नला कळ नव्हती म्हणून तोंडाने देत. दर वेळी शेवटचा नंबर येई आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांना फक्त गाडीला धक्का लागलेला चालत नसे.

मग त्यांना कळफलकावर गाडी चालवणं अपमानाचं वाटू लागलं. बाजारात प्लॅस्टिकची खेळण्यातली स्टिअरिंग मिळत होती. एक आणून दाखवली तर त्यांनी ती दोन बोटांत धरून परत दिली. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा पलंगाखालून त्यांनी भंगारातून आणलेलं खऱ्या बसचं स्टिअरिंग काढलं. ताटाएवढं नव्हे, परातीएवढं. म्हणाले, हे लाव.

मी आयुष्यात केलेल्या कामांपैकी या कामाचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. त्या काळी साउंड कार्डाच्या मागे जॉयस्टिकचं एक सॉकेट असायचं. ते सॉकेट फार भोळं. त्याला फक्त एवढंच कळे की समोर विजेला अडथळा किती आहे. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं ना, ते आतून म्हणजे असा बदलता अडथळाच. तेव्हा स्टिअरिंग फिरलं की बटण फिरलं पाहिजे, की काम झालं. अडचण अशी की बटण पाऊण फेरा फिरतं, आणि नानांचं म्हणणं बसचं चाक पाऊण फेऱ्यात वळत नाही. आम्ही सायकलची मागची छोटी चकती स्टिअरिंगच्या दांड्याला लावली, पेडलजवळची मोठी चकती बटणाला लावली आणि दोन्हींवर चेन चढवली. चाक जेमतेम दोन फेरे फिरू लागलं. नाना म्हणाले, कमी आहे, पण चालवून घेतो. पायाला दोन लोखंडी पट्ट्या बिजागरीवर, खाली स्प्रिंग, ब्रेकची स्प्रिंग मुद्दाम कडक. सगळं एका जुन्या शिसवी टेबलाला बोल्टने आवळलं. काकूंनी टेबलाला भोकं पाडताना बघितलं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

इतकं झालं, तरी गाडी उगवतच राहिली.

मी त्याहून चांगलं कार्ड बसवलं. धुकं गेलं, रस्ता क्षितिजापर्यंत स्वच्छ दिसू लागला. नाना म्हणाले, लांबची आता दिसते, पण बाजूने येणारी अजून उगवते. प्रोसेसर बदलला. पॉवर सप्लाय बदलला. उन्हाळ्यात मशीन तापून चित्र अडखळत असेल म्हणून पेटीचा पत्रा काढून टेबलफॅन लावला. प्रत्येक वेळी ते आठ दिवसांनी येत, स्कूटर लावत आणि शांतपणे सांगत की डावीकडून येणाऱ्या गाडीला आज परत धक्का लागला. त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा लाज जास्त असे. एकदा म्हणाले, "माणसांनी भरलेली बस चालवली मी, कुणाचा चहा सांडला नाही. आणि इथे मला रिकामी गाडी सांभाळता येत नाही."

शेवटचा उपाय म्हणून मी मोठा मॉनिटर लावला. आधीचा लहान होता, हा चांगला रुंद. मोठं चित्र म्हणजे गाड्या नीट दिसतील, असा माझा हिशेब. आठ दिवसांनी नाना आले ते म्हणाले, हा परत घे, यावर धक्के वाढलेत.

त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारात पडले. सुधारणा केली आणि बिघाड वाढला, असं आमच्या धंद्यात होत नाही. मी त्यांच्या घरी गेले, स्वतः चाकावर बसले. चित्र सुरळीत होतं. डावीकडून गाडी येत होती आणि मला येताना दिसत होती. मग नानांना बसवलं आणि त्यांच्या मागे उभी राहिले. पडद्याच्या डाव्या कडेला एक लाल गाडी आली, त्यांच्या बरोबरीने चालू लागली, हळूहळू आत शिरू लागली. नाना सरळ समोर बघत होते, चाक अगदी स्थिर. धक्का बसला तेव्हा ते दचकले.

आमच्याकडे बिघाड शोधायची एकच पद्धत असते. एक भाग काढायचा, त्याच्या जागी चांगला चालणारा दुसरा लावायचा आणि बघायचं. बिघाड गेला तर काढलेला भाग खराब. नाही गेला तर पुढचा भाग. मी रॅम बदलली होती, कार्ड दोनदा बदललं होतं, प्रोसेसर, सप्लाय, मॉनिटर सगळं बदलून झालं होतं. न बदललेलं एकच काही उरलं होतं, आणि ते खुर्चीत बसलं होतं. हे मला कळलं, पण तोंडाने म्हणवेना. मी काकूंना हाक मारली आणि म्हटलं, जरा इथे बसा, मला एक तपासायचं आहे.

काकूंनी हात पदराला पुसले आणि बसल्या. चाक त्यांनी पोळपाट धरावा तसं धरलं. गाडी गटारात गेली, भिंतीला लागली, उलट दिशेने निघाली. नाना शेजारी स्टुलावर बसून कपाळाला हात लावत होते. तेवढ्यात डावीकडून एक गाडी आली आणि काकूंनी सगळं चाक उजवीकडे फिरवलं.

"हे काय केलंस?" नाना म्हणाले. "रस्ता मोकळा होता."

"मोकळा कुठला? ही काय पांढरी गाडी, कधीची शेजारून येतेय." काकूंनी पडद्याच्या कडेला बोट टेकवलं. "तुम्हाला दिसत नाही का?"

नानांनी मान वळवून तिकडे बघितलं. गाडी होती. त्यांनी मान परत सरळ केली. मग पुन्हा वळवली, पुन्हा सरळ केली. काकू माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी पंख्याकडे.

 मग नानांनीच विषय काढला. पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी त्यांच्या स्कूटरने एका हातगाडीला धडक दिली होती. टोमॅटो रस्ताभर झाले होते. ते घरी सांगितलं नव्हतं. हातगाडीवाला गल्लीतून एकदम आला असं त्यांनी धरून ठेवलं होतं आणि त्याला चार शब्द सुनावलेही होते. त्याच्याआधी एक सायकलवाला. त्याच्याआधी गोदावरीच्या पुलावर एक रिक्षा घासून गेली, ती रिक्षाचीच चूक. "सगळे डावीकडून," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि मॉनिटरवर ठेवली. त्यांना कोणी मागितली नव्हती.

मी दोघांबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांना होता, डाव्याला जास्त. हा रोग दुखत नाही, म्हणून कळत नाही. समोरचं स्वच्छ दिसत राहतं आणि कडेने नजर पुसत येते. पुसलेल्या जागी काळं दिसत नाही, तिथे काही आहे हेच माणसाला वाटत नाही. गेलं ते परत येणार नव्हतं. रोज थेंब घातले तर उरलेलं राहणार होतं. अजून वर्षभर उशीर झाला असता तर उरलंही नसतं, असं डॉक्टर म्हणाले. कसं लक्षात आलं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, ही कॉम्प्युटरवाली, हिने सांगितलं. डॉक्टरांनी ते कसं समजून घेतलं कोण जाणे.

लोकांना हे सांगितलं की ते मला शाबासकी देतात. मला मात्र त्या मधल्या, उगाच विकलेल्या कार्डांची आठवण येते. गिऱ्हाईक म्हणतं बिघाड मशीनमध्ये आहे, आणि दुकानदाराला ते खरं मानायला आवडतं. त्यानंतर कोणीही तक्रार घेऊन आलं की मी आधी त्याला मशीनपुढे बसवायची आणि मागे उभी राहायची. निम्म्या लोकांना नवा भाग लागतच नाही. ही पद्धत धंद्याला वाईट आहे.

नानांनी त्यानंतर मशीनला हात लावला नाही. त्यावर चादर टाकली आणि मला निरोप पाठवला की येऊन ने, कुणा पोराला उपयोगी पडेल. मी गेले तर काकू दारात आडव्या. मशीन जाणार नाही म्हणाल्या. मी विचारलं, ठेवून करणार काय? त्यांनी आवाज खाली केला. ते दुपारी झोपले की त्या चादर काढून बसत होत्या. त्या दिवशी चाकावर बसल्यापासून त्यांच्या मनातून ते जात नव्हतं. नवऱ्याने उभं आयुष्य केलं ते काम काय असतं, हे त्यांना पहिल्यांदा हाताला लागलं होतं. अडचण फक्त पायांची होती. नाना उंच, काकू बुटक्या. चाक धरलं की पाय पट्ट्यांना पुरत नव्हते आणि पाय पुरवावे तर चाक कपाळाला लागत होतं.

त्यांच्याकडे एक जुना पाट होता. मी त्याचे दोन तुकडे केले आणि पट्ट्यांखाली बसवून पट्ट्या वर घेतल्या. ब्रेकची कडक स्प्रिंग काढून नरम लावली. आमचं हे काम चाललं होतं तेव्हा नाना आतल्या खोलीत पडून होते. काम झालं, काकूंनी गाडी सुरू केली आणि पहिल्याच वळणावर इंजिन रडायला लागलं. आतून आवाज आला, "गिअर बदल."

काकूंनी बदलला नाही, कारण तो कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. इंजिन तसंच रडत राहिलं. शेवटी नाना उठून आले, स्टूल ओढलं आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसले. तिथून त्यांना पडदा जेवढा दिसायचा तेवढा पुरत होता. बाकीचं ते इंजिनाच्या आवाजावर ओळखत. काकू रस्ता बघत, नाना आवाज ऐकत. डावीकडून काही आलं की काकू सांगत, आणि कधी किती वळायचं ते नाना सांगत. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि चहा न घेता निघाले, कारण चहा करणारं कोणी मोकळं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी मला एकदाच काम सांगितलं, चांगले स्पीकर आणि नवं साउंड कार्ड बसवायचं. इंजिनाचा आवाज खरा वाटत नाही अशी नानांची तक्रार होती. ही तक्रार मी तपासून घेतली. त्यांचं म्हणणं खरं होतं.

पुढे धंदा बदलला. लॅपटॉप आले, मॉल आले, पेटीचा पत्रा काढणारं गिऱ्हाईक कमी झालं. मला त्याचं वाईट वाटतं, पण फार नाही. पाठ दुखायला लागली होती. दुकान चालू होतं त्या शेवटच्या वर्षांतली एक सकाळ मात्र सांगायची आहे. दारात हॉर्न वाजला. बघते तर बिनागिअरची नवी स्कूटी, त्यावर काकू, नऊवारी सोडून पंजाबी ड्रेसमध्ये. मागे नाना, मांडीवर कॉम्प्युटरची पेटी. पन्नाशी उलटल्यावर काकूंनी लायसन काढलं होतं. बसचं चाक आणि स्कूटीचं हँडल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. पण भीती तेवढी त्या टेबलावर मोडली. आता भाजी, दवाखाना, लेकीकडे जायला स्टँड, सगळीकडे त्याच नेतात.

पेटीतली धूळ काढून दिली. तेवढ्यात नानांनी स्कूटीची हवा अंगठ्याने दाबून बघितली, आरसा पुसला आणि काकूंना हवा तसा वळवून दिला. दोघं बसली. आमच्या गल्लीच्या टोकाला रस्ता भाजीबाजाराकडे वळतो आणि तिथे रिक्षा, दुचाक्या, हातगाड्या सगळं एकत्र येतं. काकूंनी वेग कमी केला. इंडिकेटर द्यायचा त्या विसरल्या असाव्यात, कारण दिवा लागला नाही. मागे बसलेल्या नानांनी एका हाताने पेटी छातीशी धरली आणि उजवा हात सरळ, खांद्याच्या रेषेत बाहेर काढला. मागची रिक्षा थांबली. काकूंनी मागे न बघता वळण घेतलं.